मोजून घडवलेला देह: ग्रीक शिल्पांतील आदर्श पुरुष

इजिप्त आणि मेसोपोटेमियाच्या कलेत उघडे अंग ही बहुधा कैद्याची, गुलामाची किंवा लहान मुलाची खूण असे. राजा आणि देव वस्त्रालंकारांत उभे राहत. ग्रीकांनी हा संकेत उलटा केला. देव, वीर, शर्यत जिंकलेला खेळाडू, रणात पडलेला तरुण या सगळ्यांना त्यांनी नग्न घडवले, आणि तेही मानाची जागा देऊन: देवळाच्या आवारात, चौकात, थडग्यावर. या मूर्तींसमोर उभे राहिले की खऱ्या माणसाचेच अंग पाहत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात असा माणूस अथेन्सच्या रस्त्यावर कधी चालला नसेल. हा देह निरीक्षणातून जितका आला, तितकाच तो हिशेबातून, नागरिक कसा असावा या कल्पनेतून आणि देवांच्या स्वरूपाविषयीच्या समजुतीतून आला. सुमारे तीनशे वर्षे प्रत्येक पिढीने तो आधीच्या पिढीकडून घेतला आणि दुरुस्त केला.

सुरुवात इजिप्तपाशी होते. इ.स.पू. सातव्या शतकात फेरो पसामतिक पहिला याच्या सैन्यात भाडोत्री ग्रीक शिपाई होते, आणि नाईलच्या मुखाजवळ नॉक्रॅटिस येथे ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत वसली. दगडातून माणसापेक्षा मोठी मूर्ती काढण्याची विद्या ग्रीकांनी तिथे पाहिली. दगडाच्या चौकोनी ठोकळ्यावर आधी चौकटी आखायच्या, त्यांवर पुढून-बाजूने आकृती रेखायची आणि मग आत कोरत जायचे, ही इजिप्तची रीत. इतिहासकार डायोडोरस याने तिच्याविषयी एक कथा नोंदवली आहे. टेलेक्लीस आणि थिओडोरस या दोन शिल्पकारांनी अपोलोच्या एकाच मूर्तीचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या गावांत घडवले, एकाने सामोस बेटावर आणि दुसऱ्याने एफेससमध्ये. दोन्ही भाग जोडले तेव्हा सांधा तंतोतंत जुळला, कारण इजिप्तच्या पद्धतीप्रमाणे देहाचे सव्वाएकवीस भाग आधीच ठरलेले होते. कथा खरी असो वा नसो, शरीर मोजमापात बसवता येते हा विश्वास तिच्यात आहे, आणि पुढची सगळी ग्रीक शिल्पकला या विश्वासावर उभी आहे.

या काळातल्या उभ्या तरुणाच्या मूर्तीला अभ्यासक ‘कूरोस’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला कूरोस साधारण इ.स.पू. 590 ते 580 मधला, अॅटिका प्रांतातला. उंची सुमारे 1.94 मीटर. डावा पाय पुढे, मुठी मांड्यांना टेकलेल्या, नजर सरळ, आणि पाऊल पुढे पडलेले असूनही दोन्ही पायांवर सारखा भार. हा सगळा पवित्रा इजिप्तचा आहे. पण इजिप्तच्या मूर्तीच्या कमरेला वस्त्र असते आणि पाठीला दगडी खांबाचा आधार असतो. हात आणि धड यांच्यामधला, दोन पायांमधला दगडही तसाच ठेवलेला असतो. ग्रीक शिल्पकाराने वस्त्र काढले, खांब काढला आणि मधला दगड कोरून टाकला. मूर्ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तिचे शरीरशास्त्र मात्र अजून नक्षीच्या पातळीवर आहे. फासळ्यांची कमान आणि पोटाचे विभाग रेघा ओढून दाखवले आहेत, गुडघ्याच्या वाट्या सममित आकृत्यांसारख्या आहेत आणि केसांच्या बटा ओवलेल्या मण्यांसारख्या पाठीवर उतरतात.

कूरोस कोणा एका माणसाची प्रतिकृती नसे. तोच आकार देवाला वाहिलेल्या दानासाठी चाले आणि थडग्यावरच्या स्मारकासाठीही चाले. नाव चौथऱ्यावर कोरले जाई. डेल्फीला सापडलेली जोडमूर्ती, जी इ.स.पू. 580 च्या सुमाराची आहे, ती बहुतेक अभ्यासकांच्या मते क्लिओबिस आणि बिटॉन या भावांची. हिरॉडोटसने त्यांची गोष्ट सांगितली आहे. हेरा देवीच्या उत्सवाला आईला वेळेवर पोचवायचे होते आणि बैल शेतातून आले नव्हते, म्हणून या दोघांनी स्वतः जू खांद्यावर घेऊन गाडी 45 स्टेडिया, म्हणजे आठएक किलोमीटर, ओढत नेली. आईने देवीकडे मुलांसाठी सर्वोत्तम वर मागितला. दोघे देवळात झोपले ते पुन्हा उठले नाहीत. आर्गोसच्या लोकांनी त्यांचे पुतळे डेल्फीला अर्पण केले. आखूड, जाड, बैलासारख्या ताकदीच्या या दोन मूर्तींत एक गोष्ट स्पष्ट दिसते: बळकट देह आणि सत्कृत्य यांची सांगड ग्रीक मनात तेव्हाच पक्की झाली होती.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला अॅनाव्हिसोसचा कूरोस त्यानंतर अर्ध्या शतकाने घडला. युद्धात पुढल्या फळीत लढताना मेलेल्या क्रॉइसोस नावाच्या तरुणाचे हे स्मारक, असे त्याच्याशी जोडलेला चौथऱ्यावरचा लेख सांगतो. पवित्रा जुनाच आहे, पण मांड्या आणि पोटऱ्या आता फुगीर आहेत, दंडाला गोलाई आहे, गालांत मांस आहे. मेलेल्या माणसाचे दुःख चेहऱ्यावर कुठेही नाही. ओठांवर त्या काळचे ठरलेले मंद स्मित आहे. कुटुंबाला आपला मुलगा जसा होता तसा नको होता. तारुण्याच्या ऐन भरात, न थकलेला, न जखमी झालेला असा तो कायम राहावा, ही त्यांची मागणी होती.

मोठा बदल इ.स.पू. 480 च्या आसपास झाला. त्या वर्षी इराणी सैन्याने अथेन्सचा अॅक्रॉपोलिस जाळला. मोडतोड झालेल्या मूर्ती अथेन्सवासीयांनी तिथेच भरावात पुरल्या, आणि त्या भरावातच एकोणिसाव्या शतकात एक लहान संगमरवरी मूर्ती सापडली. धड आधी, शिर 1888 मध्ये. क्रिटिओस या शिल्पकाराच्या कामाशी साम्य आहे म्हणून तिला ‘क्रिटिओसचा मुलगा’ म्हणतात. उरलेली उंची जेमतेम 1.17 मीटर, पण तिच्यात जे घडले आहे ते आधीच्या कुठल्याही मूर्तीत नाही. शरीराचा भार डाव्या पायावर आहे. उजवा पाय किंचित पुढे, गुडघ्यात सैल. त्यामुळे डावा खुबा वर चढला आहे आणि उजवा खाली आला आहे. पोटाची मधली रेघ सरळ न राहता हलकी वळली आहे. डोके जरासे उजवीकडे फिरले आहे. ते ठरीव स्मितही गेले. माणूस खरोखर उभा राहतो तेव्हा एका पायावर रेलतो आणि त्या रेलण्याचा परिणाम कमरेपासून मानेपर्यंत पोचतो, ही गोष्ट प्रथमच दगडात उतरली. इथून पुढे शिल्पकाराला शरीराचे अवयव सुटे सुटे कोरून चालणार नव्हते. एक हलला की बाकीचे सगळे हलले पाहिजेत.

याच सुमारास ब्राँझ हे मोठ्या पुतळ्यांचे मुख्य माध्यम झाले. संगमरवर जड आणि ठिसूळ. बाजूला पसरलेला हात आधाराशिवाय टिकत नाही. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर पुन्हा माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. असे भाग वेगवेगळे ओतून जोडायचे. या तंत्राने हातपाय मोकळे झाले. यूबिया बेटाच्या आर्टेमिसिऑन भूशिराजवळ समुद्रातून 1920 च्या दशकात वर काढलेला 2.09 मीटर उंचीचा देव, झ्यूस किंवा पोसायडन, दोन्ही हात फैलावून अस्त्र फेकण्याच्या तयारीत उभा आहे. संगमरवरात हा पवित्रा जमला नसता.

ब्राँझ काय करू शकत होते ते सर्वांत चांगले दिसते ते इटलीच्या दक्षिण टोकाला, रेज्जिओ कालाब्रियाच्या संग्रहालयात. 1972 च्या ऑगस्टमध्ये रिआचे गावाजवळच्या समुद्रात एका पाणबुड्याला वाळूतून वर आलेला हात दिसला आणि तिथून दोन योद्धे बाहेर निघाले. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याचे, प्रत्येकी जवळजवळ दोन मीटर उंच. ओठ आणि स्तनाग्रे तांब्याची. एकाच्या विलग ओठांतून चांदीचे दात दिसतात. हातांच्या पाठीवरच्या शिरासुद्धा उठून आल्या आहेत. इतके बारकावे पाहिले की वाटते, हा थेट जिवंत माणसावरून घेतलेला साचा असावा. पण नीट पाहिले तर पाठीच्या कण्याची पन्हळ कुठल्याही जिवंत माणसाच्या पाठीत नसेल इतकी खोल आहे. पोट आणि मांड्या यांच्या सीमेवरची, खुब्यावरून जांघेकडे उतरणारी स्नायूंची कड इतकी ठसठशीत आहे की कितीही व्यायाम केला तरी ती तशी येत नाही. शिल्पकाराला शरीर पूर्ण ठाऊक होते. ठाऊक असूनच त्याने ते बदलले, आणि खऱ्याखुऱ्या शिरा-दातांच्या आधाराने तो बदल पाहणाऱ्याच्या गळी उतरवला. ग्रीक आदर्शाचे मर्म इथे आहे.

हे बदल कोणत्या नियमाने करायचे, याचे उत्तर आर्गोसच्या पॉलिक्लायटसने दिले. त्याने ‘कॅनन’ म्हणजे मानदंड या नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यातले नियम दाखवण्यासाठी इ.स.पू. 440 च्या सुमारास भालाधारी तरुणाचा ब्राँझ पुतळा घडवला. ग्रंथ नष्ट झाला, मूळ पुतळाही हरवला. उरल्या त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती. त्यांतली सर्वांत पूर्ण पाँपेईला सापडली आणि नेपल्सला ठेवली आहे. ग्रंथाचा गाभा वैद्य गॅलेनच्या लेखनातून कळतो. सौंदर्य एकेका अवयवात नसून अवयवांच्या परस्पर प्रमाणात असते: बोटाचे बोटाशी, बोटांचे तळहाताशी आणि मनगटाशी, त्यांचे कोपरापर्यंतच्या हाताशी, त्याचे दंडाशी, आणि असे सगळ्यांचे सगळ्यांशी.

भालाधाऱ्याच्या देहात हे प्रमाण हालचालीत उतरले आहे. उजवा पाय ताठ, भार पेलणारा. डावा मागे, फक्त पुढचा भाग जमिनीला टेकलेला. वर हे उलटे होते: डावा हात कोपरात वाकून भाला धरतो, उजवा सैल लोंबतो. म्हणजे काम करणारा पाय उजवा तर काम करणारा हात डावा. विसावलेला पाय डावा तर विसावलेला हात उजवा. खुबे एका बाजूला कलतात, खांदे दुसऱ्या बाजूला. धडाची उजवी बाजू आखडली आहे, डावी ताणली आहे. तो चालतो आहे की थांबला आहे, हे ठरवता येत नाही, कारण दोन्ही अवस्था एकाच देहात तोलल्या आहेत. चेहरा शांत आहे, आणि तो कोणाचाही नाही. डोके उंचीच्या सुमारे सातव्या भागाइतके, छाती रुंद, मांड्या भरलेल्या. या पुतळ्याचे सौंदर्य पहिल्या नजरेला थोडे कोरडे वाटते. त्याच्याभोवती फिरून पाहिल्यावरच त्यातली गुंतागुंत कळते.

हा देह घडला तो आखाड्यात. ग्रीक नगरातले नागरिक जिम्नॅसियममध्ये आणि कुस्तीच्या आखाड्यात नग्न होऊन व्यायाम करत. अंगाला ऑलिव्हचे तेल चोळायचे, कसरत झाली की तेल, घाम आणि धूळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढायची, हा रोजचा क्रम. ऑलिंपियाच्या स्पर्धाही नग्नच होत. ही चाल स्पार्टाच्या लोकांनी पाडली, असे थ्युसिडिडीस सांगतो. त्यामुळे शिल्पकाराला शरीर पाहायला वेगळा नमुना बसवावा लागत नव्हता. पळताना, झुंजताना, थकून बसताना शेकडो शरीरे समोर होती. शिवाय नगराचे सैन्य नागरिकांचेच होते. ढाल-भाला घेऊन फळीत उभे राहणाऱ्याचे शरीर कमावलेले असणे हे नगराप्रती कर्तव्य होते. शरीराची हेळसांड करणाऱ्या एपिजेनीस नावाच्या तरुणाला सॉक्रेटिसने कसे फटकारले, ते झेनोफनने लिहून ठेवले आहे.

देखणेपणा आणि सज्जनपणा ही दोन विशेषणे अथेन्सचे खानदानी लोक जोडूनच वापरत. या जोडणीतून आदर्शाची आणखी काही लक्षणे समजतात. दाढी नुकती फुटू लागलेले वय सर्वांत सुंदर मानले जाई. जननेंद्रिय मुद्दाम लहान घडवले जाई, कारण तो संयमाचा संकेत होता. मोठे इंद्रिय वासनेने बेभान झालेल्या अर्धपशू सॅटिरांच्या वाट्याला येई. चेहऱ्यावर भावना उमटू न देणे हाही संयमच.

या आदर्शाच्या कुंपणाबाहेर बरेच लोक होते, आणि ते विसरून या मूर्तींचे कौतुक करणे अर्धवट ठरते. अथेन्सच्या कायद्याने गुलामांना आखाड्यात व्यायाम करायला आणि तेल लावायला मनाई होती, असे वक्ता एस्किनीस सांगतो. स्त्रियांच्या मूर्ती शतकानुशतके वस्त्रांत राहिल्या. पूर्णाकृती नग्न देवी प्रॅक्सिटेलीसने इ.स.पू. चौथ्या शतकात नायडोससाठी घडवली तेव्हा ती अपूर्व गोष्ट ठरली. आदर्श देह हा स्वतंत्र, तरुण, फुरसत असलेल्या पुरुष नागरिकाचा होता. त्यातही व्यक्तीला जागा कमी. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की ऑलिंपियाला तीनदा जिंकणाऱ्यालाच स्वतःच्या हुबेहूब चेहऱ्याचा पुतळा मिळे. आणि अथेन्सला ज्या माणसाचा सर्वांत अभिमान वाटायला हवा होता तो सॉक्रेटिस चपट्या नाकाचा, बटबटीत डोळ्यांचा, पोट सुटलेला होता. त्याच्या शिष्यांनी त्याची तुलना सॅटिराशी केली आणि आत मात्र दैवी सौंदर्य आहे असे सांगितले. देखण्या देहात चांगला माणूस असतो या समजुतीला इतका थेट छेद दुसऱ्या कोणी दिला नाही.

चौथ्या शतकात आदर्श सैलावला. प्रॅक्सिटेलीसच्या तरुण देवांची शरीरे मऊ आहेत, ते झाडाच्या बुंध्याला रेलतात, कमरेला लांब वळण घेतात. लायसिपसने प्रमाणच बदलले: डोके लहान, उंचीच्या आठव्या भागाइतके, अंग सडपातळ, पाय लांब. आधीचे शिल्पकार माणसे जशी असतात तशी घडवत, आपण ती जशी दिसतात तशी घडवतो, असे तो म्हणे. अंगावरचे तेल खरवडणाऱ्या खेळाडूचा त्याचा पुतळा एक हात थेट पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे करतो, त्यामुळे तो फक्त समोरून पाहून भागत नाही. हा पुतळा पुढे रोमला गेला आणि अग्रिपाच्या स्नानगृहांसमोर उभा राहिला. सम्राट टायबेरियसने तो स्वतःच्या शयनगृहात हलवला तेव्हा लोकांनी नाट्यगृहात आरडाओरडा करून तो परत मागितला, आणि सम्राटाला तो परत ठेवावा लागला.

अलेक्झांडरनंतरच्या काळात आदर्शाच्या दोन्ही टोकांना ताण बसला. एकीकडे फार्नीस हर्क्युलीस: लायसिपसच्या कल्पनेवरून ग्लायकॉनने घडवलेली तीन मीटरहून उंच मूर्ती, स्नायूंचे डोंगर रचलेले, पण वीर दमून सोट्यावर टेकलेला. दुसरीकडे रोममध्ये 1885 साली सापडलेला बसलेला मुष्टियोद्धा. शरीर अजून पीळदार आहे, पण नाक मोडलेले, कान सुजून गोळा झालेले, चेहऱ्यावर ताज्या जखमा. त्या जखमा आणि अंगावर ओघळलेले रक्त लालसर तांबे बसवून दाखवले आहे. आखाड्याची किंमत काय असते ते इथे प्रथमच इतक्या उघडपणे समोर येते, आणि या मूर्तीसमोर भालाधाऱ्याची शांतता अपुरी वाटू लागते.

आज या देहाविषयी जे माहीत आहे त्यातले बरेचसे रोमन प्रतींमधून आले आहे. मूळ ब्राँझ पुतळे धातूसाठी वितळवले गेले. जे वाचले ते बहुतेक बुडालेल्या जहाजांमुळे. प्रती करणाऱ्यांना ब्राँझची मोकळीक संगमरवरात आणायची होती, म्हणून त्यांनी पायाशी झाडाचे खोड आणि हाताला टेकू जोडले. ग्रीक शिल्पकार मायरॉनच्या थाळीफेक्याची एक प्रत 1791 मध्ये सम्राट हेड्रियनच्या टिव्होलीच्या महालात सापडली. तिचे डोके चुकीच्या दिशेला बसवले गेले आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ते अजून खाली पाहते. दुसरी प्रत 1781 मध्ये रोममध्ये मिळाली होती. तिच्यात डोके थाळीकडे वळलेले आहे. हीच प्रत 1938 मध्ये हिटलरने विकत घेऊन म्युनिकला नेली आणि वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मांडली; 1948 मध्ये ती इटलीला परत आली.

असा गैरवापर शक्य झाला त्यामागे एक जुना समज होता. जर्मन कलाभ्यासक योहान विंकेलमान याने 1755 आणि 1764 च्या ग्रंथांतून ग्रीक मूर्तींना कलेचे शिखर ठरवले आणि पांढऱ्याशुभ्र संगमरवराला त्या सौंदर्याचा अविभाज्य भाग मानले. त्यानंतर युरोपभर कलाशाळांत या मूर्तींच्या प्लास्टर प्रती गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थी अशाच पांढऱ्या प्रतींवरून मानवी देहाचे रेखाटन शिकले. मूळ मूर्ती मात्र पांढऱ्या नव्हत्याच. केस, डोळे, ओठ, वस्त्रे आणि त्वचाही रंगवलेली असे. जमिनीखाली शतके गेल्यावर आणि नंतरच्या धुण्याघासण्यात रंग निघून गेले. व्हिन्झेन्झ ब्रिंकमान आणि उलरिके कॉख-ब्रिंकमान यांनी अतिनील किरणांखाली दगडावरचे रंगाचे अवशेष शोधून रंगीत प्रती तयार केल्या आणि 2003 मध्ये म्युनिकला त्या मांडल्या. पुढे त्यांनी रिआचेच्या योद्ध्यांचीही ब्राँझ पुनर्रचना केली. आज हिरवट-काळे दिसणारे ते अंग त्यात उन्हात रापलेल्या माणसाच्या त्वचेसारखे तपकिरी आहे, आणि त्यावर तांब्याचे ओठ व रंगीत डोळे आहेत.